बाहुली आणि बालवाडी



अमेरिकेच्या प्रवासाचे वर्णन म्हटले की स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, नायगाऱ्याचा धबधबा आणि ढगाला टेकलेल्या इमारती हे ठरलेलेच असते. ती वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. आम्ही या लेखात सांगणार आहोत ते मिशिगन राज्यातल्या दोन गावांविषयी. एकाचे नाव ॲन आर्बर आणि दुसऱ्याचे इप्सिलँटी. दोन्ही गावे हुरॉन नावाच्या एकाच नदीच्या काठी वसलेली आहेत आणि एकापासून दुसरे जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर आहे. एका गावात विद्यापीठाचा थाट, तर दुसरे कामगारांचे. १९६० नंतरच्या त्याच पाच-सहा वर्षांत एका गावात विद्यार्थ्यांच्या डोळ्यांतील बाहुल्या पट्टी लावून मोजल्या जात होत्या, आणि दुसऱ्या गावात गरीब कृष्णवर्णीय मुलांची एक बालवाडी चालू होती. दोन्ही कामांचा बोलबाला पुढे जगभर झाला. ही दोन कामे एकत्र सांगितलेली मात्र आमच्या वाचनात आली नाहीत, म्हणून हा खटाटोप.

आता आमच्यासारखा कारकून तिकडे कसा पोचला, हे सांगणे भाग आहे. आमच्या थोरल्या बंधूंची मुलगी शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकते. बंधूंना गुडघ्याच्या दुखण्यामुळे एवढा प्रवास झेपत नाही. वहिनी एकट्या जायला तयार नाहीत. शेवटी पोरीला भेटायला काका-काकूंनी जावे असे घरात ठरले. आम्ही अर्जित रजा टाकली. आमच्या सौ. अंगणवाडी सेविका आहेत; त्यांना रजा मिळवताना आमच्यापेक्षा जास्त खेटे घालावे लागले. असो. ऑक्टोबर महिन्यात आम्ही तिथे पोचलो तेव्हा झाडांची पाने लाल-पिवळी झाली होती आणि सकाळी तोंडातून वाफ निघत होती.

ॲन आर्बर हे गाव म्हणजे विद्यापीठ आणि विद्यापीठ म्हणजे गाव. मिशिगन विद्यापीठ १८१७ साली डेट्रॉइटला निघाले आणि १८३७ मध्ये इथे आले. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास असेल, पण फुटबॉलच्या मैदानात एका वेळी लाखाहून जास्त माणसे बसतात! सामन्याच्या दिवशी सगळे गाव पिवळ्या-निळ्या कपड्यांत दिसते. आम्हाला तो खेळ काही कळला नाही.

पुतणीने आम्हाला विद्यापीठाच्या मधल्या चौकात नेले. चारी बाजूंना जुन्या दगडी आणि विटांच्या इमारती, मध्ये मोठाले वृक्ष, आणि आडव्या-तिडव्या पायवाटांवरून धावपळ करणारी मुलेमुली. ती म्हणाली, "काका, बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई तरुणपणी इथेच शिकवत होते." आम्ही थबकलोच. कोलंबियाचे ड्यूई आपल्याला माहीत आहेत. परंतु त्यापूर्वी, १८८४ पासून १८९४ पर्यंत, मधले एक वर्ष सोडले तर, ते ॲन आर्बरला प्राध्यापक होते. पुढे शिकागो, आणि तिथून १९०४ मध्ये कोलंबिया. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले तेव्हा त्यांना ड्यूई भेटले. आपल्या जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात बाबासाहेबांनी या गुरूचे ऋण स्पष्ट शब्दांत मानले आहे. त्या चौकात ड्यूईंच्या नावाची पाटी शोधण्यात आमचा अर्धा तास गेला. पाटी सापडली नाही, पण त्या पायवाटांवरून चालण्याचे समाधान मिळाले.

आता डोळ्यांकडे वळू. आपण मराठीत डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात आपण पाहिले तर आपलीच चिमुकली प्रतिमा तिथे दिसते, म्हणून बाहुली. संस्कृतात तिला कनीनिका, म्हणजे लहान मुलगी, म्हणतात. लॅटिन भाषेतही तीच गंमत आहे. तिथला शब्द लहान मुलगी आणि बाहुली या दोन्ही अर्थांचा आहे. त्यावरून इंग्रजीत प्युपिल हा शब्द आला. आणि शाळेत शिकणाऱ्या मुलालाही इंग्रजीत प्युपिलच म्हणतात, कारण त्याचे मूळ पालकाच्या ताब्यातील पोरक्या मुलासाठी असलेल्या शब्दात आहे. डोळ्यातली बाहुली आणि शाळेतले पोर अशी एकाच कुळातली निघाली.

बाहुली उजेडात आक्रसते आणि अंधारात फुलते. सुमारे दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत तिची हालचाल असते. आरशासमोर उभे राहून डोळ्याच्या कडेने बॅटरीचा झोत टाकला तर कुणालाही हे पाहता येईल. डॉक्टर अपघातातल्या माणसाच्या डोळ्यात बॅटरी मारून पाहतात ते यासाठीच. पण बाहुली उजेडाशिवाय दुसऱ्या कारणांनीही फुलते. शिकागो विद्यापीठातील एकहार्ड हेस नावाचे प्राध्यापक एकदा रात्री अंथरुणात प्राण्यांच्या सुंदर चित्रांचे पुस्तक पाहत होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, तुमच्या बाहुल्या फार मोठ्या झाल्यात, उजेड कमी पडतोय का? उजेड तर पुरेसा होता. हेस यांनी तो धागा सोडला नाही. १९६० मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी जेम्स पोल्ट यांनी दाखवले की आवडीची गोष्ट पाहताना बाहुली मोठी होते. १९६४ मध्ये त्यांनी माणसांना तोंडी गुणाकार घातले. ७ गुणिले ८ ला बाहुली थोडी फुलली, आणि गणित अवघड होत १६ गुणिले २३ पर्यंत गेले तशी ती जास्त जास्त फुलत गेली. उत्तर सांगून झाले की पुन्हा पूर्ववत.

हे वाचून डॅनिएल काहनमन या तरुण मानसशास्त्रज्ञाने ॲन आर्बरला हे काम हाती घेतले. काहनमन ज्यू होते. नाझींनी फ्रान्स बळकावला तेव्हा त्यांचे बालपण पॅरिसमध्ये कपड्यावर पिवळा तारा लावून गेले होते. माणसाला जन्मावरून शिक्का मारणे काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९६५-६६ च्या सुमारास ते मिशिगनला आले आणि जॅक्सन बीटी या संशोधक विद्यार्थ्याला त्यांनी बरोबर घेतले. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासताना हनुवटी टेकवतात तशी व्यवस्था होती. समोर कॅमेरा. ठोक्याठोक्याला एक आकडा ऐकवायचा आणि ठोक्याठोक्याला एक फोटो काढायचा. मग फिल्म धुऊन, पडद्यावर मोठी करून, पट्टीने बाहुली मोजायची. आम्ही पडलो खतावणी लिहिणारे. असे किचकट मोजमाप करणाऱ्यांविषयी आम्हाला आपुलकी वाटते.

त्यांनी विद्यार्थ्यांना तीनपासून सात आकड्यांपर्यंत ओळी ऐकवल्या. प्रत्येक आकडा डोक्यात साठवताना बाहुली आणखी थोडी फुले, आणि आकडे परत म्हणून दाखवताना, जणू ओझे एकेक करून खाली ठेवावे तशी, ती पायरीपायरीने लहान होई. मग त्यांनी अवघड खेळ लावला. ३, ७, १, ८ असे आकडे सांगायचे आणि ऐकणाऱ्याने प्रत्येकात एक मिळवून ४, ८, २, ९ असे ठोक्यावर म्हणायचे. ऐकायला सोपे वाटते. वाचकांनी घरी जेवणानंतर हा खेळ खेळून पाहावा म्हणजे घाम कसा फुटतो ते कळेल. इथे बाहुली आणखी मोठी झाली. सर्वांत नवल असे की कोणी मनातल्या मनात प्रयत्न सोडून दिला तर बाहुली फुलायची थांबे किंवा आक्रसू लागे, आणि बाहेर बसलेल्या संशोधकांना ते तत्काळ कळे. विद्यार्थी चकित होत, की यांना कसे समजले? सुट्टीत साध्या गप्पा मारताना मात्र बाहुली लहानच राही. गप्पांना मेंदूचा खर्च नाही! १९६६ साली हे काम 'सायन्स' या प्रसिद्ध शास्त्रीय पत्रिकेत आले. काहनमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते वेगळ्या कामासाठी. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुतणीच्या खोलीवर आम्ही हा प्रयोग सौं.वर करून पाहिला. त्यांना खिडकीपाशी बसवून १६ गुणिले २३ विचारले. "सोळा वीस तीनशे वीस, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, तीनशे अडुसष्ट," असे उत्तर आले, पण बाहुली काही दिसेना. पुतणी हसून म्हणाली की आपले डोळे काळेभोर, बुबुळ आणि बाहुली साध्या नजरेला वेगळी ओळखू येत नाही, शिवाय फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा असतो. त्यासाठी अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा लागतो. आणि मनात भीती असली तरीही बाहुली फुलते. तेव्हा कोणी उद्या मुलांच्या डोळ्यांसमोर यंत्र धरून हुशारी मोजून देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नयेत, एवढे आम्ही इथेच सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही इप्सिलँटीला निघालो. ॲन आर्बरच्या बसस्थानकावरून चार नंबरची बस वॉशटेनॉ रस्त्याने जाते, भाडे दीड डॉलर. दीड डॉलरचे रुपये करायचे नाहीत असे सौं.नी बजावले होते. बसमध्ये पुतणीने एक गोष्ट सांगितली ती आमच्या मनातून अजून जात नाही. जॅक्सन बीटी पुढे कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेले. तिथे सिल्व्हिया अहर्न यांच्याबरोबर त्यांनी १९७९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत जास्त गुण मिळवलेले विद्यार्थी आणि कमी गुण मिळवलेले विद्यार्थी, दोघांना तेच तोंडी गुणाकार घातले. बाहुली जास्त कोणाची फुलली? कमी गुणवाल्यांची. म्हणजे त्याच गणितासाठी त्यांचे मन जास्त कष्ट करत होते.

आम्ही वस्तीत संध्याकाळी एक अभ्यासिका चालवतो. तिथे एक सातवीतला मुलगा येतो. शाळेतल्या बाईंनी प्रगतिपुस्तकात त्याला 'लक्ष देत नाही' असा शेरा दिला आहे. वडील बिगारी कामावर, आई चार घरची धुणीभांडी करते. भागाकार घातला की तो पोरगा ओठ दाबून, भुवया आकसून कागदाकडे असा पाहतो की शेजारी फटाका वाजला तरी मान वर करणार नाही. वॉशटेनॉ रस्त्यावर त्या बसमध्ये आम्हाला त्याचे डोळे आठवले. त्याच्या बाहुल्या कोणी मोजल्या नाहीत, शेरा मात्र पक्क्या शाईत लिहून ठेवला आहे.

इप्सिलँटीला उतरलो. गावाचे नाव ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी दिमित्रिओस इप्सिलँटिस यांच्यावरून ठेवलेले. १८९० मध्ये बांधलेल्या दगडी पाण्याच्या टाकीजवळ त्यांचा अर्धपुतळा आहे. शिक्षक घडवणारी एक जुनी संस्था इथे १८४९ साली स्थापन झाली, ती आता ईस्टर्न मिशिगन विद्यापीठ झाली आहे. पण गावाची नाडी कारखान्यांशी बांधलेली. दुसऱ्या महायुद्धात शेजारीच विलो रन येथे फोर्ड कंपनीने बॉम्बफेकी विमानांचा अवाढव्य कारखाना काढला. ऐन भरात तिथून तासाला एक विमान बाहेर पडत असे. त्या काळात दक्षिणेकडून पुष्कळ कृष्णवर्णीय कुटुंबे पोटासाठी या भागात आली. आपल्याकडे गिरण्यांसाठी कोकणातून, घाटावरून माणसे मुंबईला आली, तसेच.

गावाच्या दक्षिण अंगाला त्यांची वस्ती होती. तिथल्या शाळेला पेरी यांचे नाव दिलेले. पेरी हे दंतवैद्य, इप्सिलँटीच्या शाळा मंडळावर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. या शाळेचे मुख्याध्यापक चार्ल्स युजीन बीटी हे मिशिगन राज्यातील पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक होत. पाहा, इथेही बीटी! ॲन आर्बरला बाहुली मोजणारा एक बीटी आणि इप्सिलँटीला मुलांना सांभाळणारा दुसरा बीटी. नुसता नावाचा योगायोग, पण आमच्यासारख्या परक्याचा गोंधळ व्हायचा तो झाला.

डेव्हिड वायकर्ट हे गोरे गृहस्थ त्या वेळी गावच्या सार्वजनिक शाळांत विशेष सेवांचे प्रमुख होते आणि ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते; ती त्यांना १९६६ मध्ये मिळाली. या वस्तीतील मुले वर्षानुवर्षे नापास का होतात, हा प्रश्न त्यांना पडला होता. मुलांच्या बुद्ध्यांकातच कमतरता आहे, असे सांगून विषय संपवण्याची तेव्हा रीतच होती. वायकर्ट आणि मुख्याध्यापक बीटी यांनी ठरवले, की शाळा बदलणे हातात नसेल तर शाळेच्या आधीची वर्षे हातात घेऊ. १९६२ मध्ये बालवाडी सुरू झाली, ती १९६७ पर्यंत चालली.

गरीब घरांतील, चाचणीत बुद्ध्यांक ७० ते ८५ च्या दरम्यान भरलेली, तीन-चार वर्षांची १२३ कृष्णवर्णीय मुले निवडली. त्यांचे दोन गट पाडले. कोणता गट बालवाडीत जाणार हे नाणे उडवून ठरवले, म्हणजे वशिल्याला जागा नको. ५८ मुले बालवाडीत आली, ६५ मुले घरी राहिली. ज्यांच्या आया कामाला जात अशी काही थोडी मुले नंतर एका गटातून दुसऱ्यात हलवली गेली. टीकाकार त्यावर बोट ठेवतात, आणि मुलांची संख्याही थोडी होती हे खरेच. रोज सकाळी अडीच तास वर्ग. वीस-पंचवीस मुलांना चार शिक्षिका. मुलाने आज काय करायचे ते आधी स्वतः सांगायचे, मग करायचे, मग काय केले ते सर्वांना सांगायचे. फटके नाहीत, घोकंपट्टी नाही. आणि दर आठवड्याला शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन दीड तास आई आणि मूल यांच्याबरोबर बसायची.

पहिल्या वर्षी आनंदीआनंद. पाच वर्षांच्या वयाला बालवाडीतल्या शंभरातील ६७ मुलांचा बुद्ध्यांक ९० किंवा वर गेला होता. घरी राहिलेल्यांत २८ जणांचा. पण आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत ही आघाडी विरून गेली. बुद्ध्यांक पुन्हा सारखे! इथे एखाद्याने फाईल बंद केली असती आणि 'आम्ही म्हणत होतो ना' असे म्हणणाऱ्यांचे फावले असते. वायकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाईल बंद केली नाही. १९७० मध्ये त्यांनी हायस्कोप ही संस्था काढली आणि त्या १२३ जणांचा माग चाळीस वर्षांच्या वयापर्यंत आणि पुढेही ठेवला. आमच्या मते या सगळ्या हकिगतीतील खरा पराक्रम हा आहे.

पंधराव्या वर्षी बालवाडीतल्या मुलांपैकी ६१ टक्के घरचा अभ्यास करत होती, दुसऱ्या गटात ३८ टक्के. नियमित शाळेतून माध्यमिक शिक्षण पुरे करणारे ६५ टक्के, दुसरीकडे ४५. मुलींमध्ये हा फरक याहूनही मोठा होता. चाळिशीत वर्षाला वीस हजार डॉलरहून जास्त कमावणारे ६० टक्के, दुसरीकडे ४०. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले ३६ टक्के, दुसरीकडे ५५. ३६ टक्के हाही काही लहान आकडा नव्हे, हे आम्ही झाकून ठेवत नाही. अडीच तासांची बालवाडी एका देशाचा वर्णद्वेष धुऊन काढू शकत नाही. पण बुद्ध्यांकाची चाचणी जिथे दोन्ही गट सारखे दाखवत होती, तिथे आयुष्य मात्र त्यांना वेगळे करत गेले. नोबेल मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी हा सगळा हिशेब पुन्हा तपासला. त्यांच्या मते त्या मुलांना मिळाली ती चिकाटी, स्वतःला आवरणे आणि लोकांत वावरणे. घातलेल्या पैशावर समाजाला दरसाल सात ते दहा टक्के परतावा मिळाला असे त्यांचे गणित सांगते. बी.कॉम.ला आम्ही हे व्याजाचे कोष्टक पुष्कळ गिरवले आहे. एवढा दर चाळीस वर्षे टिकणारी मुदत ठेव कोणत्याही बँकेत आम्हाला आजवर आढळली नाही. २०१९ मध्ये हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्या बालवाडीत गेलेल्यांच्या मुलांचेही शाळेत आणि नोकरीत बरे चालले आहे, असे त्यांना आढळले.

पेरी स्ट्रीट आणि हॅरिएट स्ट्रीट या रस्त्यांनी आम्ही चालत गेलो. बैठी लाकडी घरे, पुढे पायऱ्या, पायऱ्यांवर खुर्च्या. एका अंगणात लहान मुलाची तीन चाकी सायकल आडवी पडली होती. एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई पाने झाडत होत्या. त्यांनी हात वर करून नमस्कार केला, सौं.नी दोन्ही हात जोडले. इथल्याच दारांतून ती शिक्षिका आठवड्याला एकदा आत जात असेल.

सौ. सकाळपासून फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांच्या अंगणवाडीत बत्तीस मुले, त्या एकट्या आणि एक मदतनीस. खिचडी, वजनकाटा, नोंदवह्या, आता मोबाईलवरची माहितीही भरायची. आपल्याकडे एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली, आणि त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी बोर्डीला मुलांच्या अंगणातच जाऊन शिकवण्याचे काम केले होते, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलेले पाठ आहे. परतीच्या बसमध्ये त्या पुतणीला म्हणाल्या, "गृहभेटी आम्हालाही आहेत गं. पण त्या वजनाच्या आणि लशीच्या. पोर काय म्हणतंय ते विचारायचा रकानाच नाही त्या वहीत." मग बोटांवर हिशेब सुरू झाला. आठवड्याला चार घरे धरली तर बत्तीस घरांना आठ आठवडे. दीड तास जमणार नाही, अर्धा तास जमेल. रेल्वे रुळाकडच्या घरांत दुपारी कोणी नसते, तिथे रविवारी सकाळी जावे लागेल.

परत आल्यावर त्यांनी शंभर पानी वही आणली आणि रकाने आखून देण्याचे काम आमच्याकडे दिले. पहिल्या रकान्यात मुलाचे नाव, दुसऱ्यात तारीख, आणि तिसरा रुंद ठेवायला सांगितला, कारण त्यात मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचे आहे. दिवाळीनंतर आतापर्यंत अकरा घरे झाली.